पन्ह्यात टाकलेला बर्फ

दक्षिण ध्रुवावरून आलेला बर्फ मी एकदा हळदीकुंकवाच्या पन्ह्यात घातला. हसा, हसून घ्या. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते आणि वसाहतीतल्या अख्ख्या सेक्टर दोनमध्ये माझ्याइतकी हुशार बाई नाही, अशी माझी खात्री होती.

बर्फ शेजारच्या क्वार्टरमधल्या मुलीचा. दर थंडीत ती अंटार्क्टिकाला जायची. तिथल्या बर्फात खोल नळी घालून लांब कांड्या काढायच्या आणि त्यात कोंडलेली हजारो वर्षांपूर्वीची हवा तपासायची, हे तिचं काम. तिथल्या सवयीने, कुणी साधं सरबत दिलं तरी ग्लास आधी कानाला लावायची. "काकू, आधी ऐका, मग प्या." तिची पाठ वळली की आम्ही बायका खिदळायचो.

तिच्या आईला, म्हणजे आमच्या मावशींना, हसू यायचं नाही. नवरा गेलेला, नजरही गेलेली, आणि लेक चार-चार महिने परमुलखात. "काय ठेवलं हाय वो त्या बर्फात?" मावशी विचारायच्या. त्यांना फोटो दाखवून काय उपयोग? म्हणून त्या वर्षी लेकीने आपल्या साहेबांना विचारून, तपासणीतून उरलेला एक तुकडा थर्माकोलच्या पेटीतून आणला. त्यांचा फ्रीज बिघडलेला, तेव्हा तुकड्याचा डबा आला माझ्या फ्रीजमध्ये.

"काकू, रायपूरला जाऊन येते. परवा आईला ऐकवीन. तोवर उघडू नका हं."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चैत्रगौर. झाडून साऱ्या बायका बोलावलेल्या, फक्त भिंतीपलीकडच्या मावशी सोडून. विधवेला हळदीकुंकवाला कोण बोलावतं! सकाळपासून लाइट ये-जा करत होती, माझा बर्फ काही जमेना. मी तो डबा उघडला.

पन्ह्यात बर्फ तडतडायला लागला. "अय्या वहिनी, हे तं फटाके फुटून राहिले!" बायका खूश. मी मिरवले. संध्याकाळी डब्यात नळाचं पाणी भरून पुन्हा गोठवायला ठेवलं. बर्फासारखा बर्फ, तिला काय कळणार!

तिसऱ्या दिवशी तिने आईला खाटेवर बसवलं, पाण्यात तुकडा सोडला, ग्लास आईच्या कानाशी धरला. मीही ऐटीत दारात उभी.

"आयक न आई. लय जुनी हवा हाय, आता बाहेर येते."

मावशींनी श्वास रोखला. नळाचा बर्फ मुकाट वितळत राहिला.

"मले तं काहीच आयकू नाही येऊन राहिलं, माय."

लेकीने बुडबुडे शोधायला ग्लास उजेडात धरला. मग माझ्याकडे पाहिलं. "काकू?" एवढंच म्हणाली.

मी सांगितलं. सगळं. नळाच्या पाण्यासकट.

पुढच्या थंडीत ती पुन्हा गेली, जाताना आईला नवा तुकडा कबूल करून. ती परतण्याआधीच मावशी गेल्या. मग लेकीने क्वार्टर सोडलं, आणि मी अजूनही पन्ह्यात बर्फ घालत नाही.

त्या दिवशी मात्र लेक ग्लास घेऊन आत निघून गेली होती. मावशींनी चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मले बी बलावलं असतं बाई, तं तुह्या घरीच आयकलं असतं."