सुटकेच्या दिवसाची सुट्टी

माझे वडील, अण्णा, मला सोडायला उदगीरच्या एसटी स्टँडपर्यंतच आले. मुंबईचं विमानतळ त्यांना नको होतं. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीखाली उभं राहून त्यांनी विचारलं, “तिथं मालक कोण हाय तुझा?”

“मालक नसतो अण्णा, कंपनी असते.”

“कंपनीला बी कुणीतरी मालक असंलच की.”

मी हसलो. इंजिनिअर झालो होतो, कुवेतला निघालो होतो. हसायचे दिवस होते.

आता इथंच संसार आहे. सबाह अल-सालेममध्ये फ्लॅट, दिवसरात्र चालणारा एसी, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देणारी मुलगी. कंपनी अमेरिकन आहे. यंदा जूनमध्ये मेल आला की जूनटींथची सुट्टी कुवेतच्या ऑफिसलाही मिळेल. अमेरिकेतली गुलामगिरी संपल्याचा हा दिवस. ऑफिसात सगळ्यांनी आधी कॅलेंडर पाहिलं, सुट्टी वीकेंडला लागून येते का म्हणून. मीही पाहिलं.

मी तेव्हा वेगळ्याच काळजीत होतो. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि माझी रजा अडकली होती. कुवेतमधून बाहेर पडायचं तर आता कंपनीची ऑनलाइन मंजुरी लागते. रोज फोन उघडून बघायचो. रोज ‘पेंडिंग’.

सुट्टीच्या दिवशी आमची मॅनेजर डेनीस हिनं टीमला सलवा भागातल्या तिच्या घरी जेवायला बोलावलं. ती टेक्सासची, काळी. कंपनीच्या गाडीनं मला न्यायला रफीकभाई आले. रत्नागिरीकडचे, खैतानला रूमवर राहतात, ठेकेदाराच्या कॉन्ट्रॅक्टवर.

“तुम्हाला सुट्टी नाही?” मी विचारलं.

“ती तुमची, कंपनीवाल्यांची. आनी मला नकोच. रूमवर बसून काय करू? ड्युटी बरी.”

यावर वाईट वाटून घ्यावं की नाही, मला ठरवता येईना.

डेनीसच्या टेबलावर त्या दिवसाच्या रिवाजाप्रमाणे लाल सरबत होतं, लाल केक होता. तिनं सांगितलं, सुटकेचा हुकूम निघाला होता, पण टेक्सासमधल्या गुलामांपर्यंत तो पोचायला दोन वर्षांच्या वर गेली. तोवर माणसं शेतात राबतच होती. तिच्या पणजीची आई त्यातलीच. मग ती माझ्याकडे वळली. “तुमच्याकडे असा दिवस आहे का?”

आणि माझ्या तोंडून गुढीपाडवा निघाला. अण्णा सालगडी होते. एका वर्षासाठी एका मालकाच्या शेतात बांधलेले. पाडव्याला साल संपायचं. त्या दिवशी अण्णा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर नुसते बसायचे. कुणी हाक मारली तरी उठायचे नाहीत.

“आणि दुसऱ्या दिवशी?” डेनीसनं विचारलं.

“दुसऱ्या दिवशी नवं साल. कधी तोच मालक, कधी दुसरा.”

तिनं हातातला ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आपण चुकीचं बोललो. तिच्या माणसांना विकलं जायचं, अण्णांना कुणी विकलं नव्हतं. आणि मी? मला पगार आहे, विमा आहे. तरी माझ्या खिशातला फोन ‘पेंडिंग’ म्हणत होता. ही सुट्टी नक्की कुणाची, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

ऑफिस उघडल्यावर मंजुरी आली. बटण दाबायला कुणाला क्षणभर लागला असेल. मी घाईघाईनं एचआरच्या साहेबांना मेल लिहिला, साहेब, खूप खूप आभार. पाठवून झाल्यावर वाचला आणि कसंसंच झालं. आभार कशाचे? घरी जाऊ दिल्याचे?

लगेच अण्णांना फोन लावला. “अण्णा, सोडलंय मला,” असं बोलून गेलो. रजा मिळाली असं म्हणायचं होतं.

ते म्हणाले, “ये. पर मी उठून स्टँडवर येनार न्हाई, डोळ्यानं दिसत न्हाई मला.”

गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं. इकडे माझ्याबरोबर आलेलेही एकमेकांना हेच विचारतात. मला एवढंच सांगता येतं: जिथं पोचल्यावर कुणाचे आभार मानावे लागत नाहीत, ते. गेलो तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं, अण्णा ओट्यावर बसले होते. पट्टी बांधलेला डोळा माझ्याकडे वळवून म्हणाले, “आलास? बस.”

मी बसलो.