वाजू द्यायचा फोन

फेब्रुवारी २००६, सोमवार, दुपार. निमगाव सावा, द्राक्षांचं पॅकहाऊस. हजर: बागायतदार भाऊ, त्यांची बायको, पॅकहाऊस सांभाळणारे त्यांचे थोरले चुलते आणि फोन-इंटरनेटची कामं करणारी मी. शिवाय एक फॅक्स मशीन, हजर असून नसल्यासारखं.

अडचण अशी होती. भाऊंची द्राक्षं पेट्यांत भरून शीतगृहात ठेवली होती. परदेशी जाणाऱ्या मालाला फवारणीच्या औषधाचा अंश तपासल्याचा अहवाल लागतो. तो निर्यातदाराच्या पुण्याच्या ऑफिसात आला होता आणि तिथून फॅक्सने इकडे यायचा होता. कागद हातात पडल्याशिवाय ट्रकवाला पेट्या चढवणार नव्हता. संध्याकाळी तो निघणार, भाऊंच्या पेट्या असोत वा नसोत.

पॅकहाऊसचा फोन नुकताच इंटरनेटवर आणला होता. बोलणं स्वच्छ ऐकू यायचं, फॅक्स मात्र येत नव्हता. दोन मशीनं आधी शिट्ट्या वाजवून आपसात जमवून घेतात, किती वेगाने पाठवायचं ते ठरवतात. त्याला थोडाच अवधी असतो. तो संपला की पाठवणारं मशीन कंटाळून फोन ठेवतं. आमच्याकडे दर वेळी तेच होत होतं.

मी क्रमाने गेले. वेग कमी केला. चुका दुरुस्त करायची सोय बंद केली. इंटरनेटच्या डब्यातली फॅक्सची सेटिंग पुन्हा भरली. फरक शून्य.

एकदा रिसीव्हर कानाला लावला. लांबून शिट्टी येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. घाटघरच्या पठारावर धुक्यात कुणी हाळी देत राहावं तशी. शीतगृहाचं दार उघडलं आणि खरंच पायांशी धुकं पसरलं. द्राक्षांचा गार, गोड वास आला. कशासाठी आले होते तेच क्षणभर विसरले.

भानावर आले ती चुलत्यांच्या आवाजाने. पहिल्याच घंटीला त्यांनी फोन उचलला होता. "रामराम. कोण बोलतंय?" उत्तर नाही. "रामराम!" मग आमच्याकडे बघून, "शिट्टी हाय." मग उपरण्याला हात पुसून सावकाश फॅक्सचं हिरवं बटण. तोवर पुण्याचं मशीन निघून गेलेलं.

जुन्या लाइनवर हे चालायचं. तिकडचा कारकून आधी स्वतः बोलायचा, पाऊसपाणी विचारायचा, मग दोघं मिळून बटण दाबायचे. आता तिकडून मशीनच फोन लावत होतं.

"काका, उचलू नका. वाजू द्या. मशीन आपोआप उचलेल."

"वाजत ठिवायचा? पावणं दारात हुबं, अन आमी आत बसायचं व्हय?"

"मामंजी," भाऊंची बायको म्हणाली, "ह्यो पावणा शिट्ट्या मारतोय. असल्याला कोण रामराम घालतं?"

भाऊ त्या दुपारी पहिल्यांदा हसले. चुलते हसले नाहीत.

पुन्हा घंटी. चुलत्यांचा हात वर गेला. सुनेने त्या हातात द्राक्षांचा घड ठेवला. दुसरी घंटी. ते घडाकडे बघत राहिले. मग मशीनने स्वतःच फोन उचलला आणि इकडची शिट्टी तिकडच्या शिट्टीला भेटली. कागद ऊबदार, हळूहळू, झोपेतून उठल्यासारखा बाहेर आला. भाऊंनी शेवटची ओळ आधी वाचली. माल पास होता.

पेट्या चढल्या. ट्रक नारायणगावच्या रस्त्याला लागला. मी केलेल्या कामांवर खुणा करत होते, तेव्हा चुलते शेजारी येऊन बसले.

"ताई, माजी बहीण डिंभ्याला दिलीया. यष्टी चुकली की ती हितंच फोन करती, म्हंजी मी फाट्यावर वाट बघत बसत न्हाई. आता तिला शिट्टीच ऐकू येनार का?"

शिट्टीच ऐकू येणार होती. मी तसं सांगितलं.

"आज येते म्हणाली व्हती," एवढंच बोलून ते फाट्याकडे चालू लागले.

मी यादीत एक ओळ वाढवली: बोलायला वेगळा फोन बसवणे. बाकी.