बाविसावा दिवस

जुन्नरच्या पेठेत महंमद हनीफचं दुकान विचारलं, तर लोक उलट विचारतात, "कंचं? रेडिओवाल्याचं का पिल्लांच्या मशीनवाल्याचं?" दुकान एकच, माणूसही एकच. रेडिओ गेले, त्यांची पाटी राहिली. पिल्लांच्या मशीनची पाटी त्यानं कधी लावलीच नाही. चौसष्ट वर्षांच्या या गृहस्थाला स्वतःची टिमकी वाजवता येत नाही असं मुळीच नव्हे. वाजवायला लागला की समोरच्याचा चहा गार होतो. पण पाटी रंगवायची तर शिडीवर चढावं लागतं, आणि त्याचा त्याला भारी कंटाळा.

तरुणपणी तो भोसरीच्या एका कारखान्यात कंट्रोलर जोडायचा. तिथं चाळीस पायांच्या एका चिपशी त्याची गट्टी जमली. कारखाना बंद पडला तसा तो गावी आला आणि त्याच जातीच्या चिपवर त्यानं अंडी उबवणाऱ्या मशीनचा मेंदू तयार केला. कोणत्या दिवशी ऊब किती ठेवायची, दर दोन तासांनी ट्रे कलवून अंडी कूस कशी बदलायची, हे सगळं आधी वहीत लिहायचं आणि मग चिपमध्ये भरायचं. चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असते. जांभळ्या दिव्याखाली ठेवली की आतलं लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून एरवी त्या खिडकीवर चिकटपट्टी लावून ठेवायची. पट्टीवर तो पेनानं सही करायचा. अशी अकरा मशीन त्यानं केली. राजुरी, मढ, बेल्हे, पार घोडेगावपर्यंत ती गेली. "वीस वर्षांत एका पट्टीला नख लावायची वेळ आली नाय," हे तो येईल त्याला ऐकवायचा, आणि ते खरंही होतं.

सव्वीस जानेवारीला दुपारी राजुरीहून ठमाबाईंचा फोन आला. गावरान पिल्लांसाठी पंचक्रोशीत नाव असलेली ही बाई. दर आठवड्याला बेल्ह्याच्या बाजाराआधी तयार पिल्लं काढायची आणि रिकाम्या ट्रेमध्ये नवी अंडी ठेवायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम.

"हनीफभाऊ, घात झाला. आमी समदी झेंड्याला गेलो व्हतो. येऊन बगतो तर मशीन गप! ट्रे अर्ध्यात आडकल्यात, आन आत नुसती भट्टी. समदी अंडी शिजली. बटान बंद करून लावलं तवा कुटं चालू झालं."

"नवीन काय बसवलं का मशीनला?"

"सुनेनं इन्व्हर्टर बसवलाय. पाच तारखेपासनं."

"मग तेच! त्या इन्व्हर्टरच्या करंटात खोट आसंल. माझ्या मशीनला वीस वर्षांत काय झालं न्हाई."

झालं. हनीफनं फोन ठेवला आणि विसरला. आपल्या तोंडून गेलेलं वाक्य राजुरीच्या त्या घरात काय करणार, याची त्याला कल्पना नव्हती.

सोळा फेब्रुवारीला मशीन पुन्हा थांबलं. घरातली सगळी बाजाराला गेली होती आणि परत येईपर्यंत पुन्हा सगळी अंडी गेली. हनीफ मोटरसायकलवर राजुरीला गेला आणि मशीनचा बोर्ड काढून दुकानात घेऊन आला. चार दिवस त्यानं तो टेबलावर चालवला. व्होल्टेज कमी केलं, वाढवलं, जुने कंडेन्सर बदलले, ड्रायरची गरम हवा मारली. बोर्ड सासुरवाशिणीसारखा मुकाट कामं करत राहिला. संध्याकाळी दुकान बंद करताना हनीफ मेन स्विच पाडायचा आणि सकाळी पुन्हा चालू करायचा. कुठंच काही सापडेना.

पाचव्या दिवशी तो बोर्ड घेऊन राजुरीला आला. मशीनच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठमाबाईंची सून समृद्धी उभी होती. तो आत गेला, ती आली नाही.

"पोरी, जरा बॅटरी धर की इकडं."

समृद्धी जागची हलली नाही. ठमाबाईच फणकारल्या, "तिला नगं. तिचा हातगुण न्हाई. दोन डाव अंडी गेली तिच्यापायी. उद्या तो इन्व्हर्टर काढून टाकनार हाय मी. तुमीच म्हनला न्हवं, त्यात खोट हाय म्हनून?"

गावाकडं हातगुणाला फार किंमत. खुडूक कोंबडीखाली अंडी कुणाच्या हातानं ठेवायची, बियाणाला पहिला हात कुणाचा, हे माणूस बघून ठरतं. नव्या सुनेवर असा शिक्का एकदा बसला की पोरंबाळं झाली तरी पुसत नाही. आणि इथं तो शिक्का हनीफच्या एका वाक्यानं बसला होता.

समृद्धी बाहेरूनच हळू आवाजात म्हणाली, "काका, लाईट गेली की आईंना अंडी गोधड्यांनी झाकून हातानं ट्रे कलवावे लागायचे. त्यांचा खांदा दुखतो. म्हणून मी बसवला होता."

"इन्व्हर्टर बसवल्यापासनं मशीन कितींदा बंद पडलं?"

"दोनदाच. मी कॅलेंडरवर खूण केलीय."

तिनं कॅलेंडर आणून उंबऱ्यावर ठेवलं. पाच जानेवारीला हिरवी खूण. सव्वीसला लाल. सोळा फेब्रुवारीला लाल. हनीफ बोटानं घरं मोजायला लागला. एकवीस. मग लालपासून लालपर्यंत मोजली. पुन्हा एकवीसच. बिघाड असा दिवस मोजून येत नाही. दिवस मोजत होतं ते त्यानं चिपमध्ये लिहिलेलं.

"आन इन्व्हर्टर नव्हता तवा? लाईट किती दिसानं जायची?"

ठमाबाई हसल्या. "काय इचारता राव! दिसाआड. कदी कदी रोजच."

पिशवीतून हनीफनं जुनी वही काढली, पिवळी पडलेली. त्यात त्याच्याच अक्षरात दिवसांचा तक्ता होता. पहिला दिवस, ऊब इतकी. दुसरा दिवस, इतकी. असं करत एकविसाव्यापर्यंत. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं; एक खेप फुटली की माणूस मशीन बंद करील, मग नवी खेप लावील, असं तेव्हा त्यानं धरलं होतं. ठमाबाईंसारखं आठवड्याला नवी अंडी ठेवत मशीन कायम चालू ठेवणारं कुणी असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाविसावा दिवस त्यानं लिहिलाच नव्हता. एकवीस दिवस भरले की चिप पुढची ओळ शोधायला जायची, तिथं काहीबाही सापडायचं, आणि ती आहे तिथं थिजायची.

मग वीस वर्षं ही चूक दिसली कशी नाही? लाईट जायची म्हणून! दर वेळी लाईट आली की चिप पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची. एकवीस दिवस सलग वीज या तालुक्यात मशीननं कधी पाहिलीच नव्हती. ज्या लोडशेडिंगला तो उठताबसता शिव्या घालायचा, त्यानंच त्याचं नाव राखलं होतं. आणि दुकानात बोर्ड चारच दिवस चालला, तेही रोज संध्याकाळी तो स्वतःच्या हातानं मोजणी पुसत होता.

आता खरी गोम इथं होती. ठमाबाई उद्या इन्व्हर्टर काढणारच होत्या. काढला की लाईट जाणार, मशीन सुरळीत चालणार, आणि हनीफचं बोलणं खरं ठरणार. तो नुसता गप्प बसला असता तरी चाललं असतं. वीस वर्षांचं नाव तसंच राहिलं असतं. एक घटकाभर त्याच्या मनात ते आलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं उंबऱ्याबाहेर पाहिलं. समृद्धी कॅलेंडरची सुरळी करत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "हातगुण माझा वाईट निघाला. पोरीचा न्हवं."

ठमाबाईंना समजेना. त्यानं वही त्यांच्यापुढं धरली आणि सगळं फोड करून सांगितलं. बाविसावा दिवस लिहायचा राहिला, इन्व्हर्टरचा काही दोष नाही, दोन्ही वेळची अंडी माझ्यामुळं गेली, आणि मी न बघता पोरीवर ढकललं. मग त्यानं चिपवरच्या पट्टीला नख लावलं. वीस वर्षांची पट्टी, निघता निघेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानात चिप पुसून नव्यानं लिहिली. भर एकच घातली: एकविसावा दिवस संपला की पुन्हा पहिल्यापासून मोज. राजुरीला येऊन चिप बसवून झाल्यावर त्यानं खिशातून नवी पट्टी काढली, पण सही केली नाही.

ठमाबाई अंड्यांची पाटी घेऊन आल्या. त्या उंबऱ्यापाशी थांबल्या. सुनेला म्हणाल्या, "भाईर का उबी? पायताण काड आन आत ये. पयलं अंडं तू ठेव."

समृद्धी आत आली. ती पहिलं अंडं ठेवायला वाकली, तेव्हा ठमाबाईंनी दुखऱ्या खांद्याचाच हात पुढं करून तिचा हात खालून धरला.

हनीफ दारातून मागं सरला. उरलेल्या दहा मशीनसाठी त्याला अजून दहा गावं करायची होती. इन्व्हर्टर तिथंही येणार होते, आणि सुनाही.