आप्पांचं मूळव्याधीचं औषध

आमचे आप्पा लग्नाच्या पंगतीत बसलेल्या नव्या जावयालाही विचारायचे, "काय पाव्हणं, पोट साफ होतंय ना?" तेही जिलबी वाढली जात असताना. जावई पानात मान घालायचा, सासू कपाळाला हात लावायची आणि आप्पा निवांत पुढच्या पानाकडं सरकायचे. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. आमच्या गावात, धावड्यात, त्यांना डॉक्टरपेक्षा मान होता, कारण ते मूळव्याधीचं औषध द्यायचे.

रविवारी, उपाशीपोटी, दह्यातून. बदल्यात नारळसुद्धा घ्यायचा नाही, असा दंडक. कुठली मुळी ते घरातल्यांनाच ठाऊक. ती सहाणेवर उगाळायचं काम माझं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, उषीचं. "माझ्या आज्याला लई रक्त पडायचं, तवा एका गोसाव्यानं ही विद्या दिल्ती," आप्पा सांगायचे. "आपल्या घरावर त्याची किरपा हाये."

त्यामुळं वडिलांना रक्त पडायला लागलं तेव्हा कुणी घाबरलंच नाही. औषध घरचंच. आप्पांनी सख्ख्या भावाला अकरा रविवार ते दिलं. वडील वाळत गेले, अन्न तुटलं, शेवटी पोट फुगून शौचाची वाटच बंद झाली तेव्हा औरंगाबादला नेलं. ऑपरेशन झालं. काढलेलं आतडं बरणीत घालून तपासणीला पोचवायचं काम तेव्हा नातेवाइकांचंच असे. आप्पांनी ती बरणी दोन्ही हातांनी धरली ती लॅबच्या टेबलावर ठेवेपर्यंत सोडली नाही. मी सोबत होतो.

निकालाच्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून आतडं उलगडून दाखवलं. आतून सगळीकडं मुगाएवढे कोंब, शेकड्यांनी. त्यातल्याच एकाचा कॅन्सर झाला होता आणि तो आतड्याची भिंत ओलांडून गाठींपर्यंत पोचला होता.

"ही मूळव्याध नाही," डॉक्टर म्हणाले. "हे जन्मापासून रक्तात असतं. ज्याला असतं त्याच्या प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. वेळेत कळलं तर मोठं आतडं काढून टाकतात, माणूस जगतो. तुमचे वडील कशानं गेले?"

"मूळव्याधीनं," आप्पा म्हणाले.

"आणि आजोबा?"

गोसाव्याची कृपा आणि हा रोग आमच्या घरात एकाच वाटेनं आले होते, हे आप्पांना तिथं उभ्याउभ्या उमगलं.

वडील दिवाळीआधी गेले. आप्पांनी औषध बंद केलं. रविवारी येणाऱ्यांना ते हात जोडून सांगायचे, "आधी दवाखान्यात तपासून घ्या. रक्त पडलं म्हंजी मूळव्याधच असं न्हाई." लोक चिडायचे. "तुमचं माणूस गेलं म्हणून आमचं औषध बंद का?" असं म्हणून दुसऱ्या गावचा औषधवाला गाठायचे.

दुर्बिणीनं आम्हा दोघांची तपासणी झाली. आप्पांचं आतडं स्वच्छ निघालं, माझ्यात कोंब सापडले. "म्हाताऱ्याचं साफ अन् लेकराचं खराब, हा कुठला न्याव," म्हणून ते दवाखान्याच्या ओट्यावर रडले. मुंबईला माझं मोठं आतडं काढलं आणि मी वाचलो. गावात सांगितलं, पोराच्या आतड्याला पीळ पडला होता. उषीलाही तेच सांगितलं, कारण तिचं अंबडला जमत आलं होतं.

"पोरीला आधी तपासू, मंग लग्न," आप्पा म्हणाले.

आई दाराआडून बोलली, "आप्पा, हे बाहेर फुटलं तर तिला कोन करून घेईल? तुमच्या भावाची शपथ हाये तुम्हाला."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. पोटाचे टाके अजून ओले होते माझे. मी बोललो असतो तर आईनं ऐकलं असतं. मी म्हणालो, "आप्पा, लग्न तर होऊ द्या."

दोन वर्षं त्यांनी शपथ पाळली. मग एका सकाळी पिशवी घेऊन दारात उभे. "चल अंबडला. मी वर गेल्यावर भाऊ काय शिक्षा द्यायची ती देईल."

उषीनं दार उघडलं. गळ्याची हाडं वर आलेली, पण आम्हाला पाहून खुलली. आप्पांनी उंबऱ्यातच विचारलं, "रक्त पडतं का गं?"

"तुम्हाला कोनी सांगितलं? वर्ष झालं, आप्पा. पन मी कुनाला कळू दिलं न्हाई," ती म्हणाली. "आपली मुळी इथं बांधालाच सापडली मला. दर रविवारी घेऊन राह्यले. तुमच्यासारखीच उगाळते, बिलकुल बराबर." आणि शाबासकीसाठी ती आप्पांच्या तोंडाकडं पाहत राहिली.

रोग यकृतात पसरला होता. चार महिन्यांत उषी गेली. चोविसावं लागलं होतं तिला.

दहाव्याला तिचा सासरा चारचौघांत आप्पांना म्हणाला, "तुमच्या औषधानं आमची सून खाल्ली. तिला आधीच सांगितलं असतं तर जगली असती."

आप्पांनी हात जोडले. "बराबर हाये, पाव्हणं. चूक माझीच."

शपथेबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मी तेव्हाही गप्प बसलो.