हातावरचा पेढा

स्टेडियमात बॉम्ब फुटला, त्या दिवशी मी मंचरात पेढे वाटले. पन्नाशी उलटली होती, तरी अक्कल पाळण्यातच होती माझी. मिठाईच्या दुकानात टीव्ही चालू होता, पण हायवेच्या हॉर्नमध्ये आवाज ऐकू येईना. पडद्यावर माणसं मैदानात धावताना दिसली. मॅच जिंकलो असं मीच ठरवलं आणि पावशेर पेढे घेऊन पहिला शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातावर ठेवला.

तो मार्केटात कांद्याच्या गोण्या शिवणारा असावा. टोपीत दाभण खोचलेलं, मनगटाला सुतळी.

"बाई, बॉम्ब फुटलाय," तो हळूच म्हणाला. "माजी पोरगी पोलिसात हाय. तिथंच डूटीला."

"आवाज वाढवा राव!" कुणीतरी ओरडलं. दुकानदाराने आवाज वाढवला. तो एका हाताने फोन लावत राहिला. दुसऱ्या तळव्यावर पेढा तसाच, जपून धरलेला. परत मागायचंही धाडस मला होईना.

बऱ्याच वेळाने फोन लागला. त्याने बाहीने डोळे पुसले. मी म्हटलं, "आता तरी खा, भाऊ."

"पोरगी बोलली, बाई. पन तिच्या जोडीची पोरगी अजून घावली न्हाई. ती घावली का दोघींच्या नावानं खातो."