शक्यता गुणिले तीव्रता

माझे धाकटे चुलते रांजणगावच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते. तिथं त्यांचं कसलंसं प्रशिक्षण झालं आणि हा माणूस जगातल्या यच्चयावत संकटांना आकडे द्यायला लागला. शक्यतेचा एक आकडा, तीव्रतेचा एक, दोन्हींचा गुणाकार म्हणजे धोका. घरात विंचू निघाला तरी आधी गुणाकार, मग चप्पल.

वडील गेल्यावर भांडगावचं आमचं गुऱ्हाळ आईनं हातात घेतलं. भावकीनं तिला एकच हंगाम दिला होता. जमलं तर ठीक, नाहीतर गुऱ्हाळ परक्याला चालवायला द्यायचं. आणि नेमकं ऐन हंगामात रेडिओ सांगायला लागला, कोकणाजवळ समुद्रात चक्रीवादळ आहे. गुऱ्हाळ चालतं ते रस काढलेल्या उसाच्या वाळल्या चिपाडावर. ते भिजलं की चुलाण पेटत नाही आणि तोडलेला ऊस जागेवर आंबतो.

चुलते सुट्टीच्या दिवशी आले. पँटच्या खिशात हात घालून त्यांनी आभाळाची तपासणी केली.

"वहिनी, घाबरू नका. शक्यता एक, तीव्रता दोन. रिस्क लो हाय. आन् आलंच वादळ, तर समुद्र पश्चिमेला, म्हंजी वारा पश्चिमेचाच. सगळं चिपाड पूर्वेच्या पडवीत घ्या, ताडपत्र्या पश्चिमेकडनं बांधा."

"आन् पूर्वेची बाजू उघडीच ठिवायची व्हय, भावजी?"

"तिकडनं काय येतंय? सोलापूर?"

या विनोदावर भावकी पोट धरून हसली. आम्ही मायलेकींनी दिवसभर चिपाड वाहिलं.

वादळ किनाऱ्याला लागलंच नाही. समुद्रातच गरगरत राहिलं आणि त्याचं वारं आमच्याकडं आलं ते थेट पूर्वेकडून, पावसासकट. पश्चिमेच्या ताडपत्र्या ठणठणीत राहिल्या. चिपाडाचा लगदा झाला, उसाच्या मोळ्या आंबल्या, आणि गूळ करणारा गुळव्या बिऱ्हाड उचलून कासुर्डीच्या एका गुऱ्हाळावर गेला. भावकीनं हंगाम संपायचीही वाट पाहिली नाही. त्या सगळ्यांचा मला आजही संताप येतो, पण चुलत्यांचा जास्त.

कारण ते नंतर आले, ते गुणाकार दुरुस्त करायला. "तीव्रता चार धरायला पायजे व्हती," ते म्हणाले.

आईनं विचारलं, "आन् भावजी, त्यात मला कुठं धरलं व्हतं?"

त्यांनी खरोखर विचार केला.

"तसा रकाना नसतो, वहिनी."