सिंकजवळची फरशी

आमच्या समोरच्या घरातल्या मिस्त्रीकाकांचं आयुष्य दुसऱ्यांच्या घरी फरशा बसवण्यात गेलं. गुडघे टेकून, पाठीची कमान करून. साठी उलटण्याआधीच कंबरेनं असा संप पुकारला की मोजे चढवायलासुद्धा काकू लागायच्या. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं, "पोटाचे स्नायू पार ढिले पडलेत, काका. रोज प्लँक करा. पालथं व्हायचं, कोपरं आणि चवड्यांवर अंग उचलायचं आणि फळीसारखं सरळ राहायचं. नेमानं केलंत तर कामाचं बघू."

'कामाचं बघू' एवढंच काकांनी घट्ट धरून ठेवलं. कारण एक काम त्यांच्या स्वतःच्याच घरात राहिलं होतं. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरात ठिकठिकाणच्या उरलेल्या फरशा घाईघाईनं बसवल्या होत्या. "तात्पुरत्या आहेत गं," म्हणाले होते. त्या तात्पुरत्या फरशांवर दोन मुली रांगल्या, मोठ्या झाल्या, सासरी गेल्या.

माणसाला आडवं होता येईल एवढी मोकळी जागा घरात तिथेच. मी डबा परत द्यायला गेले, तर काकांचं नाक जमिनीला टेकायला आलेलं, अंग थरथरतंय आणि काकू त्यांना वळसा घालून भांडी लावतायत.

"श्वास सोडा हो! नुसता फुगा झालाय."

काकांनी मधेच एक हात उचलून पेरानं फरशी ठोकली. बद्द आवाज आला, आणि काका धप्पकन आपटले.

"हात कशाला उचललात?"

"पोकळ आहे ही. खाली माल नीट भरलाच नाही मी."

"आत्ता कळलं? मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

ते तसेच गालावर पडून राहिले. तिथून त्यांना सिंकजवळची खचलेली फरशी दिसली. खळग्यात साचलेलं पाणी, शेजारी घडी घातलेलं फडकं. काकू येता-जाता त्यावरून लांब टांग टाकत होत्या.

"उभ्यानं कधी दिसलंच नाही बघ," काका मला म्हणाले. लोकांच्या घरी केसाएवढा उंचसखलपणा खपवून न घेणारा माणूस!

"दिसायला घरात थांबावं लागतं," काकू म्हणाल्या. पण हसून.

मग काका इरेला पेटले. सकाळ-संध्याकाळ प्लँक. "पाठीत जोर आला की ही सगळी उखडतो. तुझी फरशी मीच बसवणार, दुसऱ्याला हात लावू देणार नाही." पोट खरंच आवळलं, मोजे स्वतः घालायला लागले. मोठ्या उमेदीनं दवाखान्यात गेले. त्या मुलीनं वाकवून, वळवून पाहिलं.

"चालण्याफिरण्यापुरतं झकास. पण गुडघ्यावर बसून वजन उचलणं आता विसरा, काका. हेच काही वर्षं आधी सुरू केलं असतं तर…"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत काका उठले होते.

शेवटी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका मिस्त्रीनं फरशी बसवली. काका खुर्ची टाकून बघत बसले. एकही चूक सापडली नाही; सापडली असती तर बरं वाटलं असतं, असं त्यांचा चेहरा सांगत होता.

आता व्यायाम नव्या फरशीवर चालतो. परवा मी गेले तेव्हा काका प्लँकमध्ये होते. काकू भरलं पातेलं घेऊन सिंकपाशी आल्या आणि त्या सपाट, कोरड्या फरशीवर लांब टांग टाकून पलीकडे गेल्या. त्यांना पत्ताही नव्हता. काकांची कोपरं सैल पडली.

"काय हो, दमलात इतक्यात?"

"हो," काका म्हणाले.